फत्तेखानांची जागा आणि आपले बुजुर्ग

महाड-पोलादपूर भागातल्या कुठल्याही मोहल्ल्यात असरच्या नमाजनंतर जा. ऊन जरा उतरलेलं असतं आणि मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर चार-सहा बुजुर्ग बसलेले दिसतात. कुणी जहाजावर तीस वर्षं काढलेली, कुणी कुवेत-दुबईत जवानी घालवलेली, कुणी शाळेतून निवृत्त झालेला. मुलं मुंबईत किंवा आखातात. घर मोठं, माणसं दोन. गप्पांत बसरा येतं, डर्बन येतं. महाडचा इतिहास मात्र क्वचितच येतो.

एकदा मीच विचारलं, "चाचा, चवदार तळ्याच्या वेळी आपली माणसं कुठे होती?"

चाचा म्हणाले, "तो आपला विषय नाही, बाबा."

हे वाक्य मनातून जात नाही. कारण तो आपलाही विषय आहे.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. ठराव कागदावरच राहिला. त्या तळ्यावर मुसलमानांना पाणी घ्यायला बंदी नव्हती; बंदी होती ती अस्पृश्यांना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळातही हे लोक शिरणार, अशी अफवा उठली. परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. त्या धावपळीत अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा मंडपासाठी गावात जागा मिळेना. अखेर ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

यात आपण फुशारकी मारण्यासारखं काही नाही. लढा दलितांचा होता, मार त्यांनी खाल्ला. आणि ज्या तळ्याचं पाणी आपण बिनधास्त भरत होतो, तिथे शेजाऱ्याला मज्जाव आहे याचं आपल्याला त्याआधी किती वाईट वाटलं होतं, हेही स्वतःला विचारायला हवं. पण कठीण वेळी काही दारं उघडली आणि एका माणसाने आपली जमीन दिली, हेही तितकंच खरं. मी वाचलेल्या पुस्तकांत 'मुसलमानांची घरे' एवढेच दोन शब्द येतात. त्या घरांत कोण राहत होतं? दार कुणी उघडलं? आत आलेल्यांना पाणी कोणत्या बाईने दिलं? हे कुणी सांगू शकलं तर आपले बुजुर्गच सांगतील. त्यांनीही ते पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या मांडीवर ते वाढले आहेत.

वेळ थोडा आहे. महाबळेश्वरहून निघणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. तिनेच या गावाला बंदर दिलं, व्यापार दिला, आणि तीच पुरात सगळं घेऊनही जाते. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरलं. आमच्या एका नात्यातल्या घरी लोखंडी पेटी उघडली तेव्हा आजोबांच्या जहाजावरच्या नोकरीची पुस्तिका, जुना निकाहनामा, जमिनीचे कागद, सगळ्याचा लगदा झाला होता. घरातल्या म्हाताऱ्या फुफी एवढंच म्हणाल्या, "आता मला विचारा, मी आहे तोवर."

म्हणून निवृत्त होऊन वतनात परतलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दुपार मोठी असते, हाताशी मोबाईल असतो. घरातले जुने कागद बाहेर काढा, त्यांचे फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा. मशिदीच्या जुन्या हिशेबवह्या उंच जागी हलवा. आजी-आजोबांकडून ऐकलेलं मराठीत बोला आणि नातवाला ते रेकॉर्ड करू द्या. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगा, त्यात मीठमसाला घालू नका.

याच सावित्रीच्या खाडीकाठच्या आंबेत गावचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१ मध्ये, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळालं. ही माती आपली आहे हे कुणाला पटवून देत बसण्याची गरज नाही. पण तिचा इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा.

दरवर्षी २० मार्चला लांबलांबून माणसं चवदार तळ्यावर येतात. पुढच्या वेळी एखाद्या चाचांनी नातवाचा हात धरून तिथे जावं आणि त्याला सांगावं की त्या दिवशी काही दारं उघडली होती. मग तो नातू नक्की विचारेल, "दादा, आपलं उघडलं होतं का?"

उत्तर शोधण्याचं काम कट्ट्यावरच्या मंडळींनी आतापासून सुरू करावं.