घोळणा फुटणारे घराणे : एचएचटी या आजाराची गोष्ट

उन्हाळ्यात मुलाचा घोळणा फुटला की आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो, कांदा हुंगायला देतो. बहुतेक वेळा रक्त थांबते आणि विषय संपतो. पण तुमच्या आजोबांचा, आईचा आणि आता तुमचाही घोळणा वारंवार फुटत असेल, तर पुढचे नीट वाचा.

अशा एका घराण्याची नोंद लंडनचे डॉ. बेंजामिन बॅबिंग्टन यांनी १८६५ साली केली. त्या घरात पाच पिढ्या नाकातून रक्त येत होते. त्या काळी पिढीजात रक्तस्राव म्हटले की डॉक्टरांना हिमोफिलियाच आठवे. १८९६ साली पॅरिसचे डॉ. आंरी रांद्यू यांनी हा आजार वेगळा असल्याचे दाखवले. त्यांच्या रुग्णाला घोळणा फुटण्याबरोबरच त्वचेवर बारीक लाल ठिपके होते. म्हणजे दोष रक्ताचा नव्हता, रक्तवाहिन्यांचा होता. पुढे विल्यम ऑस्लर (१९०१) आणि पार्क्स वेबर (१९०७) यांनी आणखी रुग्णांची वर्णने केली. १९०९ साली त्याला ‘हेरिडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया’, थोडक्यात एचएचटी, हे नाव मिळाले.

नेमके काय बिघडते?

धमनीतले जोरदार रक्त केशवाहिन्यांच्या जाळीतून शिरेत जाते. या आजारात काही ठिकाणी ही जाळीच नसते. नाकातल्या अशा नाजूक जागा सहज फुटतात. फुप्फुसात अशी जोडणी असेल तर रक्तातली गुठळी किंवा जंतू गाळले न जाता थेट मेंदूत पोहोचतात. त्यातून पक्षाघात होऊ शकतो किंवा मेंदूत पू होऊ शकतो. सुमारे निम्म्या रुग्णांच्या फुप्फुसात आणि दहातल्या एकाच्या मेंदूत अशी जोडणी सापडते.

किती जणांना होतो?

साधारण पाच हजारांत एकाला. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव आणि बोनेर बेटांवर तर सुमारे तेराशेंत एकाला. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. यातली मुख्य जनुके १९९४ आणि १९९६ साली सापडली.

निदानासाठी २००० साली चार निकष ठरले: आपोआप वारंवार फुटणारा घोळणा, ओठ, जीभ, नाक, बोटांवरचे लाल ठिपके, आतल्या अवयवांतल्या सदोष रक्तवाहिन्या, आणि आईवडील, भावंडे किंवा अपत्यांपैकी कोणाला हा आजार. तीन जुळले तर निदान पक्के, दोन जुळले तर संशय.

पुढे काय?

आजार मुळापासून जात नाही; पण वेळेवर तपासणी आणि उपचार झाले तर बहुतेकांचे आयुर्मान जवळपास इतरांइतकेच असते. शिरेतून सलाइनचे बुडबुडे सोडून केलेल्या इकोने फुप्फुसातला दोष कळतो. शस्त्रक्रियेशिवाय, नळीतून कॉइल सोडून तो बंद करता येतो. गरोदरपणाआधी ही तपासणी विशेष महत्त्वाची. फुप्फुसात दोष असेल तर दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक घ्यावे लागते. रक्तक्षयासाठी लोह, रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि गरज पडल्यास बेव्हासिझुमॅब वापरतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोमॅलिडोमाइडनेही घोळणा फुटणे कमी झाले.

बॅबिंग्टन यांना हा आजार दिसला, कारण त्यांनी एका नाकाऐवजी अख्ख्या घराची चौकशी केली. तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना हे सांगायला विसरू नका: “आमच्याकडे अजून कोणाकोणाचा घोळणा फुटतो.”