टोयोटा : मागापासून मोटारीपर्यंत

टोयोटा गाडी बाळगणाऱ्या माणसाला तिच्याविषयी मत विचारले, तर तो गाडीच्या रूपाचे किंवा वेगाचे वर्णन सहसा करीत नाही. तो किलोमीटरचा आकडा सांगतो. टूरिस्टचा धंदा करणारा सांगेल की, तीन लाख किलोमीटर झाले, पण इंजिन अजून उघडावे लागले नाही. घरगुती मालक सांगेल की, इतकी वर्षे वापरून विकायला काढली, तरी गिऱ्हाईक भाव द्यायला तयार होते. २००० साली आपल्याकडे क्वालिस आली, ती चौकोनी अंगाची आणि जुन्या घडणीची होती. परदेशात वापरून झालेला नमुना आपल्या गळ्यात मारला, अशी टीकाही तेव्हा झाली. परंतु रोजीरोटीसाठी गाडी चालवणाऱ्यांनी तिला उचलून धरले. आणि २००५ साली ती बंद करून कंपनीने इनोव्हा आणली, तेव्हा त्याच लोकांना हळहळ वाटली.

मालकांच्या तक्रारीही आहेत. किंमत चढी आहे; तेवढ्याच पैशांत दुसऱ्या कंपन्या अधिक सोयी देतात; गाडी चालवण्यात मौज अशी वाटत नाही. २०१९ पासून ग्लान्झा विकली जाऊ लागली, ती मुळात मारुतीची बलेनो. तेव्हा आम्ही पैसे गाडीचे मोजतो की खुणेचे, असाही प्रश्न लोक विचारू लागले. परंतु या सर्व तक्रारींच्या शेवटी बहुतेक मालक एका वाक्यावर येतात : ही गाडी वाटेत दगा देत नाही.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आमचे शिक्षण पुष्कळसे गेटसभांत आणि वाचनालयांत झाले. एखादा माल 'विश्वासाचा' आहे असे कोणी म्हटले, की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो हा : हा विश्वास कारखान्याच्या कोणत्या खात्यात तयार होतो, आणि तो तयार करणाऱ्याच्या पदरात काय पडते? टोयोटाचा इतिहास आम्ही या प्रश्नाच्या उजेडात वाचला, आणि तसाच तो येथे सांगणार आहोत.

हा इतिहास मोटारीपासून सुरू होत नाही. तो मागापासून सुरू होतो. साकिची टोयोडा १८६७ साली जपानातील एका खेड्यात, सुताराच्या घरी जन्मले. १८९१ साली त्यांनी सुधारलेल्या लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. पुढे ते यंत्रमागाकडे वळले. त्यांच्या मागाचे मर्म वेगात नव्हते, थांबण्यात होते. धागा तुटला की माग आपोआप थांबे. वरवर ही गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु साधा माग धागा तुटला तरी खडखडत राहतो आणि सदोष कापड विणत जातो. म्हणून त्याच्यावर सतत डोळा ठेवावा लागतो. थांबणाऱ्या मागाला असा पहारेकरी लागत नाही. १९२४ साली साकिची व त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी पूर्ण स्वयंचलित माग सिद्ध केला. धोट्यातील सूत संपत आले की तो चालता चालताच धोटा बदलून घेई. एक कामगार असे वीसपेक्षा अधिक माग सांभाळू लागला. १९२९ साली इंग्लंडच्या ओल्डहॅममधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रकंपनीने या मागाचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्या देशाने जगाला यंत्रमाग शिकवला, त्याने तो जपानी सुताराच्या मुलाकडून विकत घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या कथेशी आपल्या मुंबईचा संबंध आहे, तो विसरून चालणार नाही. १८९३ साली निप्पॉन यूसेन या जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे असा जलमार्ग सुरू केला, तो मुख्यत्वे आपला कापूस नेण्यासाठी. आपला कापूस जपानात जाई, आणि पुढे त्याचेच कापड होऊन आपल्या बाजारात येई. या स्पर्धेपुढे मुंबईच्या गिरणीमालकांनी जो उपाय योजला, तो साच्यात सुधारणा करण्याचा फारसा नव्हता. तो साचेवाल्याकडून अधिक काम घेण्याचा होता. दोन साच्यांऐवजी तीन साचे चालव, असा हुकूम निघाला. १९२८ सालचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप, ज्यात सुमारे दीड लाख कामगार उतरले, तो ज्या कारणांनी झाला त्यांत हे एक ठळक कारण होते. जपानी गिरण्यांतील मुलींचे हालही थोडे नव्हते. तो काही स्वर्ग नव्हे. परंतु माणसावर भार टाकण्यापूर्वी यंत्राला शहाणे करावे, हा विचार तेथे निदान एका कारखान्यात रुजला, आणि तोच पुढे मोटारीत उतरला.

१९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारीचे खाते निघाले. १९३५ मध्ये पहिला ट्रक बाहेर पडला. आज जिच्या टिकाऊपणाची शपथ घेतली जाते, त्या कंपनीचे ते पहिले ट्रक वरचेवर मोडत असत, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. बंद पडलेला ट्रक पाहायला स्वतः किइचिरो जात. १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्रपणे स्थापन झाली. 'टोयोडा'चे 'टोयोटा' झाले ते आदल्या वर्षी. जपानी लिपीत हे नाव आठ फटकाऱ्यांत लिहिता येते, आणि आठ हा अंक तिकडे शुभ मानतात. कोरोमो नावाच्या, रेशमाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावी कारखाना उभा राहिला. १९५९ साली त्या गावाचे नावच टोयोटा झाले.

युद्ध संपले आणि जपान मोडून पडले. १९४९ साली अमेरिकन सल्लागार जोसेफ डॉज यांच्या धोरणाने चलन आवळले गेले. गाड्या विकल्या जाईनात, विकलेल्यांचे पैसे येईनात. कंपनी दिवाळ्याच्या काठावर आली. बँकांनी कर्ज दिले, पण त्यासोबत अटीही आल्या. कामगार कमी केले जाणार नाहीत असा भरवसा किइचिरोंनी दिला होता. १९५० च्या एप्रिलमध्ये मात्र १,६०० माणसे कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला. संप झाला. जून महिन्यात तो मिटला, तेव्हा दोन हजारांवर कामगार बाहेर पडले होते, आणि शब्द पाळता न आल्याने किइचिरोंनीही अध्यक्षपद सोडले होते. हे मिटते न मिटते तोच, २५ जून रोजी, कोरियाचे युद्ध भडकले. अमेरिकन सैन्याने ट्रकांची मागणी नोंदवली आणि कंपनी वाचली. गेलेले कामगार मात्र गेले ते गेलेच. १९५२ साली किइचिरोही वारले.

हा संप कामगारांनी हरला, असे सांगण्याची रीत आहे. आमच्या मते हा निकाल अर्धाच खरा आहे. व्यवस्थापनानेही त्यातून एक धडा घेतला होता : उरलेल्या माणसांना पुन्हा असे काढणे परवडणारे नाही. १९६२ साली संघटना आणि कंपनी यांनी संयुक्त जाहीरनामा काढला, त्याच्या मुळाशी रोजगाराची शाश्वती होती. लढाऊ संघटनेची धार मात्र त्यात बोथट झाली, हेही नमूद केले पाहिजे.

याच काळात ताइइची ओनो या तंत्रज्ञाने कारखान्याची नवी घडी बसवली. ते मूळचे टोयोडांच्या सूतगिरणीतले. लागेल तो भाग, लागेल तेव्हा, लागेल तेवढाच, हे त्यांचे एक सूत्र; दुसरे सूत्र थेट साकिचींच्या मागातले. गाडी जोडण्याच्या रांगेत कामगाराच्या डोक्यावर दोरी टांगली. दोष दिसला की कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, म्होरक्या धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर रांग थांबते. 'स्वयंचलित' या अर्थाचा जो जपानी शब्द आहे, त्याच्या लिपीचिन्हात माणसाचे चिन्ह जोडून त्यांनी या पद्धतीचे नाव केले. अमेरिकेतल्या जुन्या मोटार कारखान्यांत रांग थांबवणे हा कामगाराचा जवळजवळ गुन्हा होता. येथे ते त्याचे कर्तव्य झाले.

फळ लगेच आले नाही. १९५७ साली कंपनी अमेरिकेत गेली. तेथील लांब, वेगवान रस्त्यांवर तिची क्राउन गाडी दमून जाई. १९५८ साली तिकडे तीनशे गाड्याही खपल्या नाहीत. कंपनीने ती माघारी घेतली आणि पुन्हा गाडी घडवली. १९६६ साली कोरोला आली, आणि जगात सर्वांत अधिक खपलेले मोटारीचे नाव पुढे तिचेच झाले.

ही किमया जपानी रक्ताची आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना उत्तर कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे मिळाले. तेथला जनरल मोटर्सचा कारखाना भांडणांसाठी व गैरहजेरीसाठी बदनाम होता. तो १९८२ साली बंद पडला. १९८४ साली टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुसंख्य जुनेच, संघटनाही तीच. त्यांच्या हाती दोरी दिली, नोकरीची हमी दिली, आणि तेच 'वाया गेलेले' लोक उत्तम गाड्या बनवू लागले. १९८८ च्या सुमारास मागणी घटली, तरी माणसे काढली नाहीत. आमच्या दृष्टीने या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. नोकरी शाबूत आहे असे ज्याला ठाऊक असते, तोच दोरी ओढतो.

आता दुसरी बाजू. १९७२ साली सातोशी कामाता हे पत्रकार हंगामी कामगार म्हणून टोयोटात राबले. रांगेचा वाढता वेग आणि मोडलेली शरीरे यांचे वर्णन त्यांनी पुढे पुस्तकात केले. २००२ साली गुणवत्तेच्या कामावर असलेला एक तरुण कर्मचारी कारखान्यातच कोसळून वारला. कामाच्या वेळेबाहेर भरणारी गुणवत्तामंडळे हेही कामच होय, आणि हा अतिश्रमाचा मृत्यू होय, असा निर्णय नागोयाच्या न्यायालयाने २००७ साली दिला. गाडीतला दोष दिसला तर दोरी ओढता येते. कामगाराच्या अंगातला धागा तुटू लागला, तर ओढायला दोरी कोठे आहे?

हा केवळ कामगाराचा प्रश्न आहे असे गाडीच्या मालकाने समजू नये. २००८ साली कंपनी जनरल मोटर्सला मागे टाकून जगात पहिली आली. लगेच २००९-१० मध्ये, पायाखालच्या चटईत अडकणाऱ्या आणि चिकटून राहणाऱ्या वेगाच्या पेडलमुळे लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आमची वाढ फार झपाट्याने झाली, अशी कबुली अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे द्यावी लागली. ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल मार्च २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये तर टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सु कंपनीने सुरक्षाचाचण्यांत केलेली लबाडी उघड झाली. ६४ नमुने त्यात सापडले, आणि काही प्रकार १९८९ इतके जुने निघाले. चौकशी समितीने बोट ठेवले ते आवळलेल्या मुदतींवर. चाचणी करणाऱ्यांना दोष दिसत नव्हता असे नव्हे. 'थांबा' म्हणण्याची सोय उरली नव्हती.

आपल्या देशात बेंगळुरूजवळच्या बिडदी येथे टोयोटाचा कारखाना आहे. १९९७ साली तो किर्लोस्करांच्या भागीदारीत निघाला. ज्या घराण्याने १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेच हे घराणे. तेथे २००६ साली संप व टाळेबंदी झाली. २०१४ च्या मार्चमध्ये वेतनाच्या बोलण्यांवरून टाळेबंदी झाली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा झाली, आणि त्या वेळी संघटनेचे गाऱ्हाणे कामाच्या भाराविषयी होते. दोरीसोबत फ्रीमाँटला जी हमी दिली, तीही बिडदीला दोरीइतकीच पोचली काय, हे या तीन प्रसंगांवरून आपण ठरवावे.

आणि आता हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. ३१ जुलै २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगर येथे नवा कारखाना काढण्याविषयी कंपनीने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. कारखाना आला तर मराठवाड्याच्या मुलांना काम मिळेल. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कोणत्याही मोटार कारखान्याच्या रांगेवर आज पाहा : कायम कामगाराच्या शेजारी कंत्राटी, शिकाऊ, तात्पुरता अशी किती नावांची माणसे उभी असतात! ज्याची मुदत महिनाअखेर संपणार आहे, तो मुलगा दोष दिसताच हात वर करील काय? की मान खाली घालून पुढचा नट आवळील?

म्हणून गाडी घेणाऱ्या नागरिकांना आमचे सांगणे इतकेच. दालनात गाडी पाहताना किंमत विचारा, मायलेज विचारा. त्याबरोबर हेही विचारा की, ही गाडी जोडणारे हात कायमचे आहेत की रोजंदारीचे. हा प्रश्न दयेपोटी विचारायचा नाही. घाटात, रात्री, मुलाबाळांना घेऊन उतरताना आपण ब्रेकवर पाय ठेवतो, तेव्हा आपला भरवसा अशा एका अनोळखी माणसावर असतो, ज्याने कधीतरी दोरी ओढून 'थांबा' म्हटलेले असते. तो निर्भय असेल, तरच आपली गाडी विश्वासाची.