प्रसारण केंद्रांचा वीजपुरवठा व राखीव व्यवस्था

नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांत अनेक ठिकाणांहून येणाऱ्या ध्वनी व चित्र संदेशांपैकी हवा तो संदेश निवडून प्रेषकाकडे पाठविणाऱ्या सामग्रीस स्विचन सामग्री म्हणतात. स्टुडिओ, चित्रफीत यंत्रे, बाह्यक्षेपण गाड्या व उपग्रह अभिग्राहक या सर्वांचे संदेश या एकाच ठिकाणी एकत्र येतात. त्यामुळे एखादा कॅमेरा बंद पडल्यास कार्यक्रम दुसऱ्या कॅमेऱ्यावर चालू राहतो. परंतु स्विचन सामग्रीची वीज गेल्यास संपूर्ण केंद्र मूक होते. या सामग्रीचा वीजपुरवठा अखंड राखण्यासाठी केलेल्या दुहेरी वा अधिक योजनांना राखीव व्यवस्था असे म्हणतात. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा विकास प्रसारणाच्या विस्ताराबरोबरच झाला. मात्र केंद्राला मिळालेली सुरक्षितता श्रोत्याच्या व प्रेक्षकाच्या गावापर्यंत तितक्याच प्रमाणात पोहोचली नाही.

प्रारंभीचा काळ : इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. त्याचा प्रेषक 1.5 किलोवॉट शक्तीचा होता. मुंबईला त्यापूर्वीच, 1915 पासून, खोपोलीच्या जलविद्युत् केंद्राची वीज मिळत होती. या काळातील निर्वात नलिकांना तंतू तापविण्यासाठी कमी दाबाचा आणि धनाग्रासाठी उच्च दाबाचा असा दोन प्रकारचा पुरवठा लागे. अखंड पुरवठ्याची मूळ कल्पना मात्र प्रसारणापूर्वीची असून ती दूरध्वनी केंद्रांतून आली. तेथे शिसे-अम्ल घटमाला सतत भारित ठेवून तिच्यावरच सर्व सामग्री चालविली जाई. बाहेरील वीज गेली तरी घटमाला कोणताही खंड न पडता भार वाहत राही. अशा घटमालेचा शोध गॅस्ताँ प्लांते यांनी 1859 मध्ये लावला होता.

ग्रामीण अभिग्रहण : आष्टी (जालना जिल्हा, परतूर तालुका) व तिच्या परिसरातील गावे 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाची हैदराबाद व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील केंद्रे 1 एप्रिल 1950 रोजी आकाशवाणीकडे आली. त्या काळी बहुसंख्य खेड्यांत वीज नव्हती. सार्वजनिक अभिग्राहक घटमालेवर चालत आणि ती संपली की नवी येईपर्यंत गावातील ऐकणे थांबे. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील 150 गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. ऐकलेल्या विषयावर मंडळात चर्चा होत असल्याने अभिग्राहक ठरलेल्या वेळी चालू असणे हा त्या प्रयोगाचा पायाच होता. पुढे अल्प वीज घेणाऱ्या ट्रँझिस्टर अभिग्राहकांमुळे ही अडचण बरीच कमी झाली.

कोयनेचा धडा : 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या कोयना भूकंपाने तेथील वीजनिर्मिती थांबली आणि मुंबई-पुणे पट्ट्यातील पुरवठा विस्कळीत झाला. ज्या क्षणी लोकांना माहितीची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी वीज जाण्याचा संभव असतो, हे या घटनेने स्पष्ट केले. राखीव व्यवस्था ही केवळ कार्यक्रमाच्या सोयीची बाब नसून सार्वजनिक सुरक्षिततेची बाब ठरते, ती यामुळेच.

दूरचित्रवाणी : मुंबई दूरचित्रवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. भारताने स्वीकारलेल्या 625 रेषांच्या पद्धतीत सेकंदाला 50 क्षेत्रे दाखविली जातात. दोन क्षेत्रांमध्ये पडदा सुमारे 1.6 मिलिसेकंद कोरा असतो व एका चित्रावरून दुसऱ्यावर जाण्याची क्रिया याच अवधीत उरकावी लागते. त्यासाठी केंद्रातील सर्व यंत्रे एकाच समकालन स्पंदजनकाशी बांधलेली असतात. म्हणून वीज क्षणभर गेली तरी चित्र केवळ त्या क्षणापुरते नाहीसे होत नाही, तर वीज आल्यावरही सर्व यंत्रे पुन्हा एका लयीत येईपर्यंत अस्थिर राहते. या कारणास्तव समकालन स्पंदजनक दोन ठेवून एक बिघडताच दुसरा आपोआप जोडण्याची प्रथा पडली.

रचना : राखीव व्यवस्थेचे टप्पे काळाच्या मापाने आखले जातात. काही मिलिसेकंदांचा खंड यंत्रातील धारित्रे (विद्युत् भार साठविणारी प्रयुक्ती) भरून काढतात. काही मिनिटांचा खंड घटमाला व एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर सांभाळतो. त्यापुढील तासांसाठी डीझेल जनित्र असते. ते सुरू होऊन स्थिर होण्यास साधारणपणे दहा-पंधरा सेकंद लागतात. 1957 मध्ये पुढे आलेल्या सिलिकॉन नियंत्रित एकदिशकारकामुळे फिरत्या यंत्रांऐवजी स्थिर इन्व्हर्टर वापरणे शक्य झाले.

घटमालेचे आकारमान ठरविण्याचे गणित सोपे आहे. 2 किलोवॉट भार 15 मिनिटे चालविण्यास 0.5 किलोवॉट-तास ऊर्जा लागते. इन्व्हर्टरची कार्यक्षमता 90 टक्के धरल्यास ही गरज 0.56 किलोवॉट-तास होते. अल्पावधीत मोठा प्रवाह घेतल्यास शिसे-अम्ल घटमालेतून अंकित क्षमतेच्या सुमारे निम्मीच ऊर्जा मिळते, म्हणून 1.1 किलोवॉट-तासांची, म्हणजे 48 व्होल्टला सुमारे 23 अँपिअर-तासांची घटमाला घ्यावी लागते. तापमान 25° से. च्या वर दर 10 अंशांनी वाढल्यास अशा घटमालेचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40° से. च्या पुढे जात असल्याने येथे घटमालेची खोली थंड राखणे हा रचनेचाच भाग ठरतो.

स्विचन सामग्रीस दोन स्वतंत्र वीजपुरवठा एकके देऊन ती द्विप्रस्थांद्वारे जोडतात. एक बंद पडले तरी दुसरे संपूर्ण भार उचलते. यासाठी प्रत्येकावरील नित्याचा भार त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी असावा लागतो. दोन्ही एकके 70 टक्के भाराने चालत असतील, तर एक बंद पडताच दुसऱ्यावर 140 टक्के भार येऊन तेही बंद पडते. शेवटचा उपाय म्हणजे अभिचालित्राची (दुर्बल प्रवाहाने दुसरे मंडल जोडणाऱ्या वा तोडणाऱ्या प्रयुक्तीची) उपमार्ग जोडणी. वीज पूर्ण गेली की अभिचालित्र सुटते व एक निवडलेला संदेश सामग्रीला वळसा घालून थेट पुढे जातो.

विश्वसनीयतेचा सिद्धांत : कमी भरवशाच्या अभिचालित्रांपासून अधिक भरवशाची मंडले कशी बनविता येतात, हे एडवर्ड मूर व क्लॉड शॅनन यांनी 1956 मध्ये गणिताने दाखविले. 99 टक्के काळ चालू असणारा एक पुरवठा वर्षाकाठी सुमारे 88 तास बंद असतो. असे दोन स्वतंत्र पुरवठे एकाच वेळी बंद असण्याचा काळ केवळ 53 मिनिटांच्या आसपास येतो. येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द निर्णायक आहे. दोन्ही एककांच्या तारा एकाच फलकास जोडल्या असतील, तर राखीव व्यवस्था कागदावरच राहते. उलट, साखळीतील 99 टक्के भरवशाचे पाच दुवे एकापुढे एक असतील, तर सर्व मिळून भरवसा 95 टक्क्यांवर येतो व वर्षातील जवळजवळ 18 दिवस कार्यक्रम पोहोचत नाही.

12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईतील वीज गेली, तेव्हा याच तत्त्वाचा प्रत्यय आला. कळवा परिसराकडे येणाऱ्या 400 किलोव्होल्ट वाहिन्यांपैकी काही आधीच बंद असताना आणखी वाहिन्या खंडित झाल्या. अशा प्रसंगी शहराला उर्वरित जाळ्यापासून अलग करून चालू ठेवण्याची 1981 पासूनची योजनाही त्या दिवशी यशस्वी झाली नाही. दुरुस्तीसाठी एक मार्ग बंद असताना उरलेला मार्ग राखीव नसतो, तर एकमेव असतो.

साखळीचे शेवटचे टोक : प्रेक्षकाचे घर हाही या साखळीतील दुवाच आहे. 1975-76 मधील उपग्रह शिक्षण प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांना कार्यक्रम पुरविताना वीज नसलेल्या काही गावांत घटमालेवर चालणारे संच देण्यात आले होते. महाराष्ट्राचा त्या प्रयोगात समावेश नव्हता. 2005 नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात दररोज अनेक तासांचे भारनियमन झाले. शेतीपंपांपासून गावठाणाचा पुरवठा वेगळा करण्याची योजना याच काळात विस्तारली. दिवसाचे 24 पैकी 16 तास वीज असलेल्या गावात घरगुती संचाचा भरवसा 67 टक्के असतो. केंद्रातील पुरवठा 99 वरून 99.99 टक्क्यांवर नेल्याने आष्टीसारख्या ठिकाणच्या प्रेक्षकाच्या वाट्यास त्यातून एका टक्क्याहूनही कमी लाभ येतो. गावातील वीज दोन तासांनी वाढल्यास मात्र तो आठ टक्क्यांहून अधिक होतो.

दूरदर्शनचे बहुतेक सदृश भूप्रेषक 2021-22 पर्यंत बंद झाले व उपग्रहाद्वारे थेट घरी येणारे प्रसारण रूढ झाले. त्यामुळे मधला एक दुवा वगळला गेला, परंतु घरातील तबकडी व संच यांना वीज लागतेच. याउलट लहान घटावर चालणारा रेडिओ वीज नसतानाही बोलत राहतो. अखंड प्रसारणाचे नियोजन केंद्रातील यंत्रशाळेत सुरू होत असले, तरी ते पूर्ण होते ते शेवटच्या गावातील विजेच्या खांबापाशी.