ऐकणाऱ्यांचे उपग्रह

अवकाशविज्ञानाचा इतिहास सांगताना मोठमोठे अग्निबाण आणि अवजड उपग्रह यांचीच नावे प्रथम ओठांवर येतात. त्याच इतिहासाचे एक लहानसे पान मात्र हौशी रेडिओचालकांनी आणि विद्यार्थ्यांनी लिहिले आहे. हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात त्याची नोंद व्हावी, असे मनापासून वाटते. कारण त्या पानाचा विषय अखेर शिक्षण हाच आहे.

परीक्षा देऊन शासनाचा परवाना मिळवायचा, स्वतःच्या यंत्रावरून जगभरच्या समानधर्मीयांशी बोलायचे आणि त्यातून एक पैसाही कमवायचा नाही, ही हौशी रेडिओची जुनी रीत. या मंडळींनी १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून 'ऑस्कर-१' हा आपला पहिला उपग्रह अवकाशात पाठविला. मोर्स लिपीतील 'हाय' एवढाच शब्द तो उच्चारीत असे. मात्र त्या उच्चाराची गती उपग्रहाच्या तापमानानुसार बदले. त्यामुळे हातात घड्याळ घेऊन ऐकणाऱ्यालाही उपग्रहाचा ताप मोजता येई. २८ देशांतील ५७० हून अधिक श्रोत्यांनी आपापल्या नोंदी कळविल्या. उपग्रह बोलला, पण विज्ञान घडले ते ऐकणाऱ्यांमुळे.

भारतात या परंपरेचे केंद्र बंगळुरू ठरले. आपला पहिला उपग्रह 'आर्यभट' याच नगरीतील पीण्या येथे घडला आणि १९७५ साली अवकाशात गेला. पुढे तीस वर्षांनी, ५ मे २००५ रोजी, श्रीहरिकोट्याहून 'पीएसएलव्ही-सी६' ने 'कार्टोसॅट-१' सोबत 'हॅमसॅट' नेला. अवघ्या ४२.५ किलो वजनाचा हा उपग्रह 'इस्रो'ने खास हौशी रेडिओसाठी बांधला होता. जमिनीवरून आलेला संदेश झेलून तो दुसऱ्या लहरीवर परत पाठविणारे दोन संच त्यात होते: एक भारतीय बनावटीचा, तर दुसरा नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्याने तयार केलेला. दोन देशांचे कष्ट एका पेटीत नांदले, ही गोष्ट लहान नव्हे.

या उपग्रहाचा लाभ कोणत्याही परवानाधारकास शुल्काविना घेता येई. तो डोक्यावरून जाई तेव्हा संभाषणाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळत. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी तीव्र वाटते व दूर जाताना खाली उतरते, तसाच त्याचा ध्वनिसंकेतही सरकत असे. म्हणून हाताने अँटेना फिरवीत, कानाने लहर जुळवीत बोलावे लागे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील डॉप्लरचा नियम येथे प्रत्यक्ष अनुभवास येई. हे केवळ मनोरंजनही नव्हते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातील संपर्क तुटला, तेव्हा तेथे असलेल्या हौशी रेडिओचालकांनीच निरोप पोहोचविले होते.

पुढचे पाऊल विद्यार्थ्यांनी टाकले. बंगळुरू व हैदराबाद येथील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी घडविलेला, किलोभरापेक्षाही हलका 'स्टुडसॅट' १२ जुलै २०१० रोजी अवकाशात गेला. त्याचे संकेत टिपण्यासाठी बंगळुरूतील निट्टे मीनाक्षी तंत्रविद्या संस्थेत भूकेंद्र उभारले गेले. महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी, तर मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला झेपावला. 'स्वयम्'चा हेतू हौशी रेडिओचालकांचे निरोप पोहोचविणे हाच होता आणि आपली दिशा राखण्यासाठी त्याने पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतला होता.

'हॅमसॅट'ने नऊ वर्षे सेवा केली. २०१४ च्या जुलैत विद्युत्‌घट निकामी होऊन तो मूक झाला. पण त्याने लावलेली सवय मूक झालेली नाही. गुणपत्रिकेच्या धावपळीत उत्तर आधीच ठरलेले असते. आकाशातून येणाऱ्या क्षीण संकेतापुढे मात्र शिक्षक व विद्यार्थी दोघेही सारखेच जिज्ञासू असतात. पालकांनी मुलांना अशी दहा मिनिटे मिळवून द्यावीत आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या गच्चीवर एखादा अँटेना उभारण्यास हातभार लावावा. ज्ञान घेणाऱ्याला प्रथम लक्षपूर्वक ऐकावे लागते, हा धडा मातृभाषेच्या शाळेने आपल्याला दिला. तोच धडा हे लहानगे उपग्रह अवकाशातून पुन्हा देत आले आहेत.