दोघांची एक धाव

वळहून माणकोलीच्या बाजूला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुदामं लागतात. तिथं दोन हमाल एखादं लांब खोकं उचलून नेताना तुम्ही पाहिले असतील. त्यांतला एकजण पाठमोरा चालतो. त्याला वाट दिसत नाही. जोडीदार सांगतो, "जरा डावीकडे, आता उंबरा आला," आणि हा बिनघोर पाऊल टाकतो. आता असे दोघे चालत नाहीत, तर शंभर मीटर अंतर बारा सेकंदांत पळत आहेत, अशी कल्पना करा. मंडळी, अंध आणि अल्पदृष्टी धावपटूंची शर्यत ही अशी असते.

पॅरालिम्पिक नावाची अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा १९६० साली रोमला सुरू झाली. त्या वेळी ती चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंपुरतीच होती. अंधांना तिथं प्रवेश मिळाला तो १९७६ साली, कॅनडातल्या टोरांटोला. आपल्या दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालीच निघाली होती. म्हणजे अंध मुलाला शिकवावं हे लोकांना लवकर पटलं. त्याला पळू द्यावं हे पटायला जगाला पुढं पाऊणशे वर्षं लागली!

या शर्यतीत धावपटू आणि त्याचा डोळस साथीदार यांच्या हातांत एक आखूड दोरी असते. ती ताणली जाणारी नसावी लागते. दोघांचे आतल्या बाजूचे हात एकदमच पुढंमागं होतात, त्यामुळे एकाचा उजवा पाय पडतो तेव्हा दुसऱ्याचा डावा. जोडीला दोन पट्टे लागतात. म्हणून आठ पट्ट्यांच्या मैदानावर अंतिम शर्यतीला चारच जोड्या उभ्या राहतात. साथीदारानं ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि शेवटची रेघ धावपटूच्या आधी ओलांडायची नाही. म्हणजे साथीदार धावपटूपेक्षा वेगवान हवा, आणि तरीही अर्धं पाऊल मागं राहणारा हवा. असा माणूस मिळणं सोपं नाही.

आणि दोरी सुटता कामा नये. २०२४ साली पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती. रेघ अगदी हाताशी आली असता तिच्या साथीदाराच्या पायात गोळा आला. तो पडू नये म्हणून तिनं क्षणभर दोरी सोडून त्याला सावरलं. मागची बाई तीन मिनिटांहून अधिक मागं होती. तरी पंचांनी एलेनाला बाद ठरवलं. नियमाला कारण आहे हे खरं. पण मला तो निर्णय फार कठोर वाटतो.

क्यूबाची ओमारा डुरांड २०१२ साली लंडनला एकटी धावली होती. पुढं तिची दृष्टी आणखी मंदावली आणि युनिओल किंडेलान हा साथीदार आला. त्याच्याबरोबर तिनं रिओ, टोकियो आणि पॅरिस या तिन्ही ठिकाणी तीन-तीन सुवर्णपदकं मिळवली.

आपली सिमरन शर्मा उत्तर प्रदेशातली. दिवस भरण्याआधीच जन्मलेली, नजर लहानपणापासून अधू. लष्करात असलेले तिचे पती गजेंद्र सिंग हेच तिचे प्रशिक्षक. २०२१ साली टोकियोला तीही एकटीच पळाली आणि अंतिम शर्यतीपर्यंत पोचली नाही. मे २०२४ मध्ये जपानातल्या कोबे येथे दोनशे मीटरमध्ये ती जगज्जेती झाली. पुढं पॅरिसला अभय सिंग तिचा साथीदार होता. ५ सप्टेंबरला शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत ती चारांत चौथी आली, म्हणजे शेवटची. मध्ये एकच दिवस गेला आणि ७ तारखेला दोनशे मीटरसाठी ही जोडी पुन्हा उभी राहिली. शेजारच्या पट्ट्यांत ओमारासारखी धावपटू! ओमारानं ती शर्यत जिंकली, ते तिचं अकरावं सुवर्णपदक. सिमरन आणि अभय २४.७५ सेकंदांत तिसरे आले. कांस्यपदक अशा वेळी दोघांनाही मिळतं, धावणाऱ्याला आणि दोरी धरणाऱ्यालाही.