डॉक्टर छातीवर टकटक का करतात? एका जुन्या कुतूहलाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात सात वर्षांची एक मुलगी खोकल्यासाठी माझ्या दवाखान्यात आली होती. तिच्या पाठीवर डाव्या हाताचं मधलं बोट टेकवून मी त्यावर उजव्या हाताच्या बोटानं टकटक करत होतो. तिनं मान वळवून विचारलं, "काका, तुम्ही दार का वाजवताय? आत कोण आहे?"

आई लगेच म्हणाली, "गप्प बस गं, डॉक्टरांना काम करू दे." बाहेर पंधरा-वीस पेशंट बसले होते. मीही म्हणालो, "बाळा, बोलू नकोस, मोठा श्वास घे." तपासून झालं, औषध लिहून दिलं, ती गेली.

रात्री दवाखाना बंद करताना तो प्रश्न आठवला आणि जरा लाज वाटली. प्रश्न अगदी बरोबर होता. आत काय आहे हे कळावं म्हणूनच तर आम्ही बाहेरून वाजवून बघतो! शिवाय ही पद्धत शोधणाऱ्या डॉक्टरला ती सुचली लहानपणी पाहिलेल्या एका साध्या गोष्टीवरून, असं वैद्यकाच्या इतिहासात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. त्या मुलीला जे सांगायचं राहिलं, ते आज इथं सांगतो.

खानावळवाल्याचा मुलगा

ऑस्ट्रियात ग्राझ नावाचं गाव आहे. तिथं 1722 साली लिओपोल्ड आउएनब्रुगर याचा जन्म झाला. वडिलांची खानावळ होती. खानावळ म्हटली की तळघरात दारूची मोठमोठी लाकडी पिंपं आलीच. पिंपात किती माल उरला आहे हे बघायला दर वेळी झाकण कोण उघडणार? त्यावर सोपा उपाय म्हणजे पिंपावर वरून खाली टकटक करत यायचं. रिकाम्या भागावर आवाज घुमतो. जिथून दारू सुरू होते तिथं आवाज एकदम बसतो, 'ठप्प' होतो. लहानग्या लिओपोल्डनं वडिलांना हे करताना पाहिलं होतं, अशी ती गोष्ट आहे.

हे आपल्यालाही नवीन नाही. कलिंगड घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. कुंभाराकडे माठ घेताना तो वाजवून बघतो. पाणी गेलं की गच्चीवर जाऊन टाकीवर टकटक करतो आणि पाणी कुठवर आहे ते ओळखतो. यामागचं कारण साधं आहे. पोकळीतली हवा कंप पावते, म्हणून आवाज घुमतो. आत पाणी किंवा घट्ट वस्तू असली की तो कंप तिथंच दबतो.

हे पाहिलेली मुलं जगात असंख्य असतील. आउएनब्रुगर मोठा झाला, डॉक्टर झाला, व्हिएन्नाच्या स्पॅनिश हॉस्पिटलमध्ये काम करू लागला, तरी ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. तिथं छातीच्या विकारांचे पेशंट भरपूर होते. माणसाची छाती हीसुद्धा एका अर्थानं पिंपासारखीच. बाहेर बरगड्यांचा सांगाडा, आत हवेनं भरलेली फुप्फुसं. मग आत पाणी साठलं, तर आवाज बदलायला नको का?

सात वर्षांची तपासणी

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कल्पना सुचणं वेगळं आणि ती खरी आहे हे दाखवणं वेगळं. आउएनब्रुगर सात वर्षं पेशंटच्या छाती वाजवून बघत होता. निरोगी छातीचा आवाज जाड कापड घातलेल्या ढोलासारखा येतो, हे त्यानं नोंदवलं. कुठल्या आजारात तो आवाज कुठं आणि कसा बदलतो, तेही लिहून ठेवलं. पेशंट दगावला तर शवविच्छेदन करून आपला अंदाज बरोबर होता का, ते तपासलं. मृतदेहाच्या छातीत मुद्दाम द्रव भरून, बाहेरून वाजवून त्याची पातळी ओळखता येते का, हाही प्रयोग केला.

त्याचा कानही तयार होता. त्याला संगीताची चांगली जाण होती. पुढं 1781 साली संगीतकार सालिएरीच्या एका संगीत नाटकाची संहिता त्यानं लिहिली. घुमणारा, बसका आणि बद्द आवाज यांतला फरक अशा माणसाला लवकर कळणार, यात नवल नाही.

1761 साली त्यानं हे सगळं एका छोट्या लॅटिन पुस्तकात छापलं. शंभरेक पानांचं पुस्तक. नवं काही सांगणाऱ्याच्या वाट्याला मत्सर आणि निंदा येते, हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यानं प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं.

प्रत्यक्षात निंदेपेक्षाही वाईट घडलं. मोजके डॉक्टर सोडले तर कुणी लक्षच दिलं नाही. त्या काळी पेशंटची हकिगत ऐकायची, नाडी बघायची, लघवी बघायची, यावर मोठमोठ्या डॉक्टरांची भिस्त होती. छातीवर बोटं वाजवणं हा त्यांना पोरखेळ वाटला असेल. आउएनब्रुगरनं वाद घातला नाही. तो आपले पेशंट बघत राहिला.

आज आपण म्हणू, दुर्लक्ष झालं तर झालं, एक्स-रे होताच की! पण एक्स-रेचा शोध लागला 1895 साली. तोपर्यंत जिवंत माणसाच्या छातीत काय चाललं आहे हे कळायला कान आणि बोटं यांच्याशिवाय फारसं साधन नव्हतं. ते साधन सापडूनही सत्तेचाळीस वर्षं जवळजवळ पडून राहिलं.

ज्यानं ऐकून घेतलं

सत्तेचाळीस वर्षांनी, 1808 साली, ते पुस्तक वर आलं. पॅरिसमध्ये कोर्विझार नावाचे नामांकित डॉक्टर होते, खुद्द नेपोलियनचे वैद्य. त्यांच्या हाती हे पुस्तक लागलं. त्यांनी ती पद्धत आपल्या पेशंटवर वर्षानुवर्षं वापरून पाहिली, विद्यार्थ्यांना शिकवली आणि मग पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर आपल्या विस्तृत टिपांसह छापलं. मनात आणलं असतं तर हा शोध त्यांना स्वतःच्या नावावर खपवता आला असता. तसं न करता त्यांनी आउएनब्रुगरचं नाव पुढं आणलं. पुढच्याच वर्षी, 1809 मध्ये, आउएनब्रुगर वारला. तेव्हा तो 86 वर्षांचा होता.

याच कोर्विझार यांच्या हाताखाली एक किडकिडीत, हुशार विद्यार्थी शिकून गेला होता. त्याचं नाव रेने लेनेक.

कागदाची सुरळी

लेनेकचा जन्म 1781 चा, फ्रान्समधल्या कँपेर गावचा. लहानपणीच आई क्षयानं गेली. नाँत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्याला वाढवलं, वैद्यकाची गोडी त्यांच्याकडूनच लागली. बासरी वाजवण्याचा त्याला नाद होता आणि लेथवर लाकूडकाम करण्याचाही.

1816 साली पॅरिसच्या नेकेर हॉस्पिटलमध्ये असताना त्याच्याकडे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण स्त्री आली. बांधा स्थूल, त्यामुळे छाती वाजवून नीट काही कळेना. त्या काळी डॉक्टर कधीकधी पेशंटच्या छातीला थेट कान लावत. पण तरुण बाईच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना.

तेव्हा त्याला एक जुनी गोष्ट आठवली. लांब लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. लूव्हरच्या आवारात मुलांना हा खेळ खेळताना त्यानं पाहिलं होतं, असं पुढं सांगितलं जाऊ लागलं. त्यानं स्वतः पुस्तकात लिहिलं ते एवढंच, की आवाजाचा हा सर्वांना ठाऊक असलेला गुण आपल्याला त्या वेळी आठवला. तुम्ही लहानपणी काडेपेट्या आणि दोरा घेऊन 'फोन' केला असेल, तर हा गुण तुम्हालाही ठाऊक आहे.

लेनेकनं कागदाच्या ताव्यांची घट्ट सुरळी केली. एक टोक पेशंटच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला. हृदयाचे ठोके थेट कान लावण्यापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. कागदाच्या जागी पुढं लाकडाची नळी आली, साधारण एक फूट लांबीची, आणि ती तो स्वतःच लेथवर बनवत असे. हाच पहिला स्टेथोस्कोप. आजच्यासारखा दोन कानांचा स्टेथोस्कोप 1850 नंतर आला.

सुरळी ही फक्त सुरुवात होती. पुढची तीन वर्षं लेनेक रोज ऐकत राहिला. श्वासाचे वेगवेगळे आवाज त्यानं ओळखले, त्यांना नावं दिली आणि शवविच्छेदनातल्या निष्कर्षांशी ताडून पाहिले. न्यूमोनिया, क्षय, छातीतलं पाणी यांचे आवाज कसे वेगळे असतात, ते 1819 साली त्यानं ग्रंथात मांडलं. आम्ही आजही त्यातल्या कितीतरी गोष्टी विद्यार्थ्यांना शिकवतो.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. क्षयाच्या पेशंटमध्ये आयुष्य घालवलेल्या लेनेकला स्वतःलाच क्षय झाला. त्याच्या नात्यातल्या एका डॉक्टरनं त्याच नळीनं त्याची छाती तपासली आणि जे ऐकू आलं ते त्याला सांगितलं. त्या आवाजांचा अर्थ लेनेकपेक्षा जास्त कुणाला कळणार? 1826 साली, वयाच्या 45 व्या वर्षी, तो गेला. आपला स्टेथोस्कोप त्यानं त्याच नातेवाइकाच्या नावे ठेवला होता.

मग आम्ही नेमकं काय ऐकतो?

तुमच्या पाठीवर टकटक केल्यावर आवाज घुमला, तर तिथं फुप्फुसात हवा नीट आहे. आवाज बद्द आला, तर तिथं पाणी साठलं असेल किंवा न्यूमोनियामुळे फुप्फुस घट्ट झालं असेल. एका बाजूला आवाज जास्तच पोकळ आला, तर फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका येते. स्टेथोस्कोपमधून दम्याची शिट्टी, कफाची घरघर, न्यूमोनियाची बारीक चरचर आणि हृदयाची 'लब-डब' ऐकू येते.

यावरून नेहमीच पक्कं निदान होतं असं नाही. आज एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे. पण कुठली तपासणी करायची आणि किती घाईनं करायची, हे ठरवायला ही दोन मिनिटं फार उपयोगी पडतात. म्हणून तपासताना जाड स्वेटर काढा, तोंडानं सावकाश मोठे श्वास घ्या आणि तेवढा वेळ बोलू नका. प्रश्न मात्र नंतर जरूर विचारा.

मुलांचे प्रश्न

पालक मला विचारतात, "डॉक्टर, हा सारखा 'का, का' करत असतो, काय करू?" मी त्यांना ही गोष्ट सांगतो. प्रत्येक प्रश्न विचारणारं मूल शास्त्रज्ञ होईल असं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण पिंपावरची टकटक छातीपर्यंत पोचायला तीन गोष्टी लागल्या: लहानपणी पाहिलेलं लक्षात राहणं, ते वर्षानुवर्षं चिकाटीनं तपासणं आणि कुणीतरी मोठ्या माणसानं ते मनापासून ऐकून घेणं. पहिल्या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या हातात. तिसरी आपल्या हातात आहे. ती नव्हती म्हणून सत्तेचाळीस वर्षं वाया गेली.

उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण बघू या" एवढं म्हटलं तरी पुरतं. टाकी वाजवून बघू दे. काडेपेटीचा फोन करू दे. फक्त विजेचं बटण, गॅस आणि औषधांच्या बाटल्या यांच्याशी प्रयोग नकोत.

ती मुलगी आठवड्यानं पुन्हा दाखवायला आली. खोकला बरा होता. मी आधी माफी मागितली, मग पिंपाची गोष्ट सांगितली आणि स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावून तिला तिचेच ठोके ऐकवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग स्टेथोस्कोप आईच्या छातीवर ठेवून म्हणाली, "आई, आता तू गप्प बस. मला ऐकू दे."