थिबा पॅलेस आणि परतीची तारीख

रत्नागिरीत बालपण गेलं आणि थिबा पॅलेस पाहिला नाही, असं सहसा होत नाही. लांबची सहल परवडत नसली की आमच्या बाईंचं ठरलेलं असे, चला थिबा पॅलेसला! लाल इमारत, अर्धगोल खिडक्या, समोर खाली भाट्याची खाडी. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं होतं, असं बाई सांगायच्या. आम्हाला वाटायचं, कैद असावी तर अशी. एवढा मोठा वाडा, समुद्राचा वारा, वर हापूस!

हा वाडा त्याला १९१० साली मिळाला, हे मला फार उशिरा कळलं. राजा रत्नागिरीत आला एप्रिल १८८६ मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला आणि वाड्यात जेमतेम सहा वर्षं. १९१६च्या डिसेंबरात तो गेलाच.

त्याचं गाव मंडाले. थिबाच्या वडिलांनी, मिंडॉन राजाने, १८५७ साली वसवलेली राजधानी. चौकोनी तटबंदी, भोवती खंदक, आत सागवानी राजवाडा. ब्रह्मदेशातलं साग हेच पुढे निमित्त झालं. मुंबईच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला थिबाच्या दरबाराने ओंडक्यांच्या हिशेबावरून जबर दंड केला आणि इंग्रजांना हवं ते कारण मिळालं. (थिबा काही संत नव्हता. तो गादीवर आल्यावर राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली. सहलीत हे कुणी सांगत नाही.) लढाई म्हणावी तर पंधरा दिवसांची. २९ नोव्हेंबर १८८५च्या संध्याकाळी सव्वीस वर्षांच्या राजाला, राणी सुपायालतला आणि दोन लहान मुलींना बैलगाडीतून इरावतीच्या धक्क्यावर नेलं. तिथून बोटीने रंगून, मग मद्रास आणि शेवटी रत्नागिरी. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीत.

रत्नागिरीच का? तर तिथे रेल्वे नव्हती. (ती यायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली. असो.) मुंबईहून यायचं ते बोटीने, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. राजाला विसरून जायला याहून सोयीची जागा कुठली?

मला राहून राहून त्याच्या पहिल्या पावसाचा विचार येतो. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात, समुद्रापासून शेकडो मैल आत. तिथला माणूस एप्रिलच्या उकाड्यात रत्नागिरीत उतरतो आणि दोन महिन्यांत आपला पाऊस सुरू होतो. कपड्यांना बुरशी, भिंतींना ओल, दिवसच्या दिवस समोरचं दिसत नाही. आपण त्याला 'काय मस्त पाऊस' म्हणतो, कारण आपण त्यात जन्मलो.

थिबाचा विषय निघाला की रत्नागिरीकर टिळकांवर येणारच. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ साली मंडालेच्या तुरुंगात, तेही थिबाच्याच किल्ल्यात, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. हा योगायोग मी भाषणांमधून इतक्यांदा ऐकलाय की कंटाळा आला होता. पण दोघांत एक फरक आहे. टिळकांना शिक्षा सहा वर्षांची होती. हाल काय कमी झाले का? पण सहा हा आकडा होता, आणि १९१४ साली ते परत आले. थिबावर खटला चालला नाही, त्यामुळे शिक्षाही नाही आणि तिला शेवटही नाही. तो पेन्शनसाठी अर्ज करत राहिला, बरोबर आणलेले दागिने विकत राहिला आणि तीस वर्षं गेली.

तो गेल्यावर राणीने त्याला रत्नागिरीत पुरू दिलं नाही. तिला त्याला मंडालेला न्यायचं होतं. दोन वर्षांहून जास्त काळ ती हटून बसली. अखेर १९१९ साली सरकारनेच दफन उरकलं आणि मग राणीला ब्रह्मदेशात जायची परवानगी दिली. पण कुठे? रंगूनला! मंडालेला नाही. रंगून तिचं कधीच नव्हतं, १८८५ साली बोट बदलायला थांबली होती तेवढंच. ती तिथेच १९२५ साली वारली.

आणि थोरली राजकन्या? मंडाले सोडलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. १९१९ साली तीही रंगूनला गेली खरी, पण काही काळाने आपल्या मुलीला, टुटूला, घेऊन परत आली. परत म्हणजे रत्नागिरीला. वाडा नव्हता, पैसा नव्हता, तरी आली. १९४७ साली ती रत्नागिरीतच गेली. टुटूचं लग्न, मुलंबाळं, म्हातारपण, सगळं रत्नागिरीत. तिची भाषा मराठी. ती २००० साली गेली, म्हणजे आम्ही सहलीला जायचो तेव्हा राजाची नात गावातच राहत होती. आम्हाला कुणी तिच्याकडे नेलं नाही.

२०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या थडग्याला भेट द्यायला आले, ती बातमी मी मेलबर्नमध्ये बसून वाचली. इथे आम्ही 'दोन वर्षांसाठी' म्हणून आलो होतो. मला यायचं नव्हतं, आईला तर नाहीच नाही, पण दोनच वर्षं तर आहेत, असं सगळ्यांनीच एकमेकांना सांगितलं. आम्हाला कुणी बैलगाडीत घातलं नव्हतं, पेन्शनही घसघशीत होती, तेव्हा तुलना करायला नको हे मला समजतं. पण लेक तेव्हा पाच वर्षांची होती.

मागच्या मे महिन्यात तिला घेऊन पॅलेसवर गेलो. आईही बरोबर होती. लेक आता पंधरा वर्षांची. उकाड्याने हैराण झाली होती, फोटो काढून झाले आणि म्हणाली, "बाबा, आपण घरी कधी जायचं?"

मी म्हटलं, "सतरा तारखेला."

आई खाडीकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "सतराला म्हणजे रविवार ना रे? आंबे आदल्या दिवशी पेटीतून काढून ठेवते, तिथे नेऊ देत नाहीत ना. इथेच खाऊन जा."